मालन घाडीचा जबाब

१९५३ सालच्या जून महिन्यात मालन घाडी माझ्या वर्गात आली. मी तेव्हा घाटकोपरच्या एका शाळेत शिकवत होते आणि संध्याकाळी साडेपाच ते सात कुर्ल्याच्या म्युनिसिपल शाळेत प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग घेत होते. नवीन बाई आली की मी आधी विचारायची, कशासाठी शिकायचंय? कुणाला गावाकडची पत्रं वाचायची असत, कुणाला पोथी. एकीला नुसती नवऱ्याच्या नावाची पाटी वाचायची होती.

मालन म्हणाली, "एक कागद वाचूचो आसा."

"आणा की मग. मी वाचून दाखवते."

"नको. एकदा दुसऱ्यान वाचून दाखवल्यान, तेच्यावर अंगठो दिलंय. आता माजा मीच वाचतलंय."

तिशीची असेल. काळी, काटक, कपाळ मोकळं. नखांच्या कडांत अळशीच्या तेलाचा पिवळट थर बसलेला. मी तिला पाटी दिली. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका 'ग'वर अडल्या होत्या आणि ही 'ण' गिरवत होती.

तिची हकिगत मला एकदम कळली नाही. काही तिच्याकडून, काही पुढे काशीरामकडून, काही कोर्टात. ती सगळी आता सलग सांगते.

मालनचा नवरा लवू घाडी. मालवणजवळच्या गावचा. तिथे त्याचा मामा डुकरांच्या शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली लवू शिकला. मुंबईत आल्यावर दोन वर्षं गिरणीत काढली आणि मग कुर्ल्यात, मिठी नदीच्या अंगाला असलेल्या हळबे गन वर्क्समध्ये लागला. चाळीस माणसांचा कारखाना. सरकारी परवाना होता, महिन्याला तीस बंदुकांचा. बहुतेक ठासणीच्या, थोड्या काडतुसाच्या एकनळी. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांना रानडुकरांसाठी त्या लागत. प्रत्येक बंदुकीवर नवा नंबर ठोकायचा, तो रजिस्टरात लिहायचा, बंदूक कुणाला गेली तेही लिहायचं. दरवर्षी डिसेंबरात परवाना नवा करून घ्यायचा, त्याआधी तपासणी.

लवूचं काम नळ्यांच्या चाचणीचं. नवी नळी आली की तिच्यात दुप्पट दारू ठासायची, बंदूक लाकडी चौकटीत आवळायची आणि विटांच्या भिंतीआड उभं राहून दोरीनं चाप ओढायचा. नळी टिकली तर तिच्यावर चाचणीचा शिक्का. फाटली तर भंगारात. लवूचा शिक्का पडला की मालकाला पुन्हा बघावं लागत नसे.

मालक विद्याधर हळबे. खरं सांगायचं तर माणूस जन्मजात दुष्ट नव्हता. बी.एस्सी. झालेला, इंग्रजांची कंपनी सोडून स्वतःचा धंदा काढलेला. पण नळीचं पोलाद परदेशातून यायचं आणि त्याचा परवाना दिल्लीहून. अर्ज करून चौदा महिने झाले तरी उत्तर नव्हतं. इकडे ऑर्डरी साचलेल्या, परवान्यातल्या बंदुका बनल्या नाहीत तर पुढच्या वर्षी आकडा कमी होणार. तेव्हा हळबेनं दारूखाना बंदरातल्या भंगारवाल्याकडून जुन्या बोटींचे वाफेचे पाइप आणले आणि त्यांना आतून घासून नळ्या करायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात लवूनं अकरा नळ्या भंगारात टाकल्या. दुसऱ्या आठवड्यात नऊ.

"घाडी, तू कारखाना बंद पाडणार का?" हळबेनं विचारलं.

"नळी फाटता, मालक. मी काय करू?"

मार्चमध्ये चाचणीच्या खोलीत मालाच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. चौकटीपर्यंत पोचायला जागा नव्हती. सातारचा माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता आणि सात नळ्या राहिल्या होत्या. हळबे म्हणाला, "बाहेर अंगणात घे आणि हातानं मार. सातच तर आहेत." लवू नको म्हणाला. हळबे म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नकोस."

चौथी नळी मागच्या बाजूनं फुटली. लवू तिथल्या तिथे गेला. काशीराम नावाचा फिटर त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होता, त्यानं सगळं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी हळबे मालनच्या चाळीत आला. बरोबर काशीराम आणि एक लिहिलेला कागद. हळबेनं तो वाचून दाखवला. लवू कामावर असताना दारूमुळे गेला, असं त्यात आहे म्हणाला. मालनच्या डोळ्यांपुढे बंदुकीची दारू आली. दुसरी कुठली येणार? लवूचा बाप पिऊन मेला होता. लवू शिमग्यालासुद्धा थेंब घेत नसे. मालननं अंगठा दिला. काशीरामनं साक्षीदार म्हणून सही केली. हळबेनं कागदाची एक नक्कल तिला दिली आणि सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून ये. दस्त्यांना पॉलिश करायला माणूस लागतोय. मी तुला उघड्यावर टाकणार नाही."

ती गेली. दुसरं काय करणार होती? बंदुकीचा लाकडी दस्ता काचकागदानं घासायचा, त्याला तेल चोळायचं, सुकवायचा, पुन्हा घासायचा. हात चांगला होता तिचा. पण चाळीत नळावर बायका गप्प व्हायला लागल्या. दारूबंदीचे दिवस. कुणीतरी म्हणालं, 'दारुड्याची बायको.' मालन त्या बाईच्या अंगावर धावून गेली. ती बाई म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडतेस? तूच लिहून दिलंयस ना? सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

त्याच आठवड्यात ती माझ्या वर्गात आली होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसत होती ती एक हट्टी विद्यार्थिनी. दीड वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नाही. जोडाक्षरांना बाकीच्या बायका कंटाळायच्या, ही म्हणायची, "आणखी कठीण द्या." छापील वाचता आलं तर म्हणाली, आता हातानं लिहिलेलं शिकवा. मोडी नव्हे, बाळबोधच, पण घाईत लिहिलेलं. मी माझ्या भावाची, बाळची जुनी पत्रं तिला वाचायला दिली. बाळ एका वकिलाकडे कारकून होता, त्याचं अक्षर देवानं सुद्धा वाचू नये असं. तिनं तेही काढलं.

१९५५ च्या जानेवारीत एका शनिवारी वर्ग संपल्यावर ती थांबली. कनवटीतून चौघडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"बाई, तुम्ही नुसत्या बसा. चुकलंय तर सांगा."

बोट ठेवून वाचू लागली. "सदर... मयत इसम... लवू सखाराम घाडी... हा कामावर येतेवेळी... दारूच्या... अंमलाखाली होता..." ती थांबली. "अंमल म्हंजे काय, बाई?"

मी सांगितलं. अंमलाखाली म्हणजे नशेत. प्यायलेला.

तिनं पुढचं वाचलं. "...व त्याने मनाई असतानाही... बंदूक हाती घेऊन... चाचणी केली. मालकाचा... यात... काहीएक दोष नाही. हे मी त्याची पत्नी... राजीखुशीनं..."

शेवटी तिच्याच अंगठ्याचा निळा ठसा होता. त्याच्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं. रडली नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर म्हणाली, "दारून मेलो, ह्या खरा लिवल्यान. पण खंयच्या दारून, ता नाय लिवल्यान."

मग कागदाची घडी घातली. "तेका मी सोडूचंय नाय."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. सूड म्हटला की मला पुराणातल्या शापांसारखं काहीतरी वाटायचं. समोरची बाई मात्र उद्याच्या भाजीबद्दल बोलावं तशी बोलत होती. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, मी येते बरोबर. ती म्हणाली, त्यांच्याकडे तिचा अंगठा आहे आणि काशीरामची सही आहे. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे काय आहे, ते तिनं सहा महिन्यांत शोधून काढलं.

नंबर नळीवर असायचा तसाच दस्त्याच्या लोखंडी पट्टीखालीही ठोकलेला असायचा. इंग्रजी आकडे. ते तिनं माझ्याकडून एका संध्याकाळी शिकून घेतले. पुढे एक दिवस तिनं मला विचारलं, "बाई, एकाच नंबराच्यो दोन बंदुको आसू शकतत?"

मी बाळला विचारलं. बाळनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, "छे! तसं सापडलं तर परवाना जाईलच, मालक आतही जाईल. ज्या बंदुकीचा नंबर रजिस्टरात नाही ती चोराची बंदूक."

हळबेची वाट तशी सोपी होती. महिन्याला तीसच बंदुकांची परवानगी, मागणी मात्र पन्नासांची. भंगाराच्या नळ्यांना पोलादाचा हिशेब द्यावा लागत नव्हता. म्हणून तो काही नंबर दोनदा ठोकायचा. एक बंदूक रजिस्टरातल्या गिऱ्हाइकाला, तिची जुळी बहीण परवाना नसलेल्याला. तपासणी येणार असली की त्याला आदल्या दिवशी कसं कोण जाणे कळायचं. मग जुळ्या बंदुका गोणपाटात गुंडाळून फर्निचरच्या लॉरीतून वाकोल्याच्या एका गोदामात जायच्या. गुंडाळायचं काम पॉलिशच्या खोलीतच व्हायचं, कारण गोणपाट तिथे असायचं. मालनला वाचता येतं हे कारखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. पगाराच्या कागदावर ती अजून अंगठाच देत होती आणि चाळीत सांगायची, संध्याकाळी दोन घरची भांडी घासायला जाते.

"निनावी पत्र पाठवा ना," मी म्हटलं. "मी लिहून देते."

"पत्र इला तर तो बंदुको हलवतलो. मगे माका काढतलो. मगे?" ती म्हणाली. "तेका हातात बंदूक घेऊन पकडूक होयो."

पुढे जवळजवळ दीड वर्ष ती थांबली. रोज त्याच्या हाताखाली काम करत होती. दसऱ्याला तो सगळ्यांना पेढे द्यायचा, तिनं घेतले आणि वाटेत मिठी नदीत टाकले. एकदा त्यानं तिला विचारलं, बरं चाललंय ना? ती म्हणाली, तुमच्या कृपेनं. हे मला सांगताना ती हसली होती. ते हसू मला आवडलं नव्हतं. तिच्या वर्गाच्या वहीत, बाराखडीच्या पानांच्या मागच्या बाजूला, आकड्यांची रांग वाढत होती. दोनदा आलेला प्रत्येक नंबर आणि ज्या दिवशी तो तिच्या हाताखालून गेला ती तारीख.

१९५६ च्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, हळबे स्वतः पॉलिशच्या खोलीत आला. "चौदा नग आहेत. आजच बांधा. उद्या साहेब येणार आहेत."

बांधायला मालन आणि काशीराम. काशीराम चहाला गेला तेवढ्यात तिनं एक बंदूक बाजूला काढली आणि तिच्या जागी एक तडकलेला दस्ता आणि भंगारातला पाइपाचा तुकडा, असं दोरीनं बांधून गोणपाटात गुंडाळलं. वजन सारखंच. चौदा पुडकी लॉरीत गेली. चौदावी बंदूक तिनं सुकत ठेवलेल्या दस्त्यांच्या फळीवर, मागच्या रांगेत, तेलकट फडक्याखाली ठेवली.

त्या संध्याकाळी ती वर्गाला आली आणि मला सगळं सांगितलं. मी हादरले. "अहो, ती बंदूक तुमच्या टेबलावर सापडली तर तुम्हालाच धरतील!"

"धरूंदेत. कारखानो कोणाचो?"

तपासणीला आलेले अधिकारी श्यामसुंदर नगरकर. उंच, कोरडे, चष्म्याच्या वरून बघणारे. बरोबर एक हवालदार आणि एक कारकून. आधी बंदुकीच्या दारूचं कोठार पाहिलं, कुलूप पाहिलं, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या मोजल्या. मग तयार बंदुका. कारकून रजिस्टरातला नंबर वाचायचा, हवालदार बंदूक उचलायचा, साहेब बघून खूण करायचे. अकराशे सत्तेचाळीस, खूण. अकराशे अठ्ठेचाळीस, खूण. दुपारी एकपर्यंत सगळं जुळलं. हळबेनं चहा मागवला.

साहेब पॉलिशच्या खोलीत नुसते डोकावायला आले. मालन एक बंदूक टेबलावर आडवी ठेवून तिच्या दस्त्याला तेल चोळत होती.

"ही कुठली?" साहेबांनी विचारलं. "ही तर मोजली नाही आपण."

हवालदारानं उचलली. नळी खिडकीकडे धरली. "साहेब, अकराशे सत्तेचाळीस."

कारकून म्हणाला, "तो तर झाला."

बाहेर जाऊन पहिली आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या. तेच आकडे, त्याच पंचानं ठोकलेले, सातचा तोच तुटका शेंडा.

काशीराम दारात उभा होता. त्यानं मला पुढे सांगितलं, हळबेचं तोंड आधी पांढरं झालं आणि मग लगेच नीट झालं. तो हसला. "पंचाची चूक, साहेब. ही सत्तावन्न असणार, अजून रजिस्टरात चढायची आहे. आमचा पंच मारणारा म्हातारा झालाय. काय करता! चांगली माणसं मिळत नाहीत, पोलाद मिळत नाही, दिल्लीहून उत्तर मिळत नाही."

साहेबांनी मान हलवली. अशा चुका त्यांनी पाहिल्या असणार. ते कारकुनाला म्हणाले, "शेरा लिहा. नंबर दुरुस्त करून घ्यावा."

तेवढ्यात मालन बोलली. "सातशे चार. तोपण दोनदा झालो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या हातात वर्गाची चाळीस पानी वही होती. ती वाचायला लागली. "सातशे चार, गेल्या सालचा तीन ऑक्टोबर. सातशे नऊ, पाच ऑक्टोबर. सातशे सतरा..." एकेक नंबर, एकेक तारीख, बोट ठेवून, वर्गात वाचायची तशी.

"साहेब," हळबे मध्येच ओरडला, "ही बाई अडाणी आहे! हिला लिहिता-वाचता येत नाही! हिला कुणीतरी पढवलंय. माझ्याकडे हिच्या अंगठ्याचा कागद आहे!"

मालन वहीतून वर न बघता म्हणाली, "तोच कागद काढा, मालक. साहेबांना दाखवा. तोपण वाचते." आणि पुढचा नंबर वाचला.

एकूण त्रेसष्ट होते. वाचून संपल्यावर तिनं लॉरीवाल्याच्या चिठ्ठीवर वाचलेला वाकोल्याच्या गोदामाचा पत्ता सांगितला. संध्याकाळपर्यंत तेरा बंदुका आणि एक पाइप हवालदाराच्या ताब्यात होता. पाइपावरून साहेबांना ती बंदूक कारखान्यात कशी राहिली ते कळलंच असणार. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

कारखान्याला सील लागलं. चाळीस माणसं एका दिवसात रस्त्यावर आली. त्यांतली बरीच मालनच्याच चाळीत आणि आजूबाजूला राहायची. नळावर बायका पुन्हा गप्प व्हायला लागल्या, या वेळी वेगळ्या कारणानं. काशीरामची बायको वनमाला मात्र गप्प राहिली नाही. भरलेली कळशी खाली ठेवून म्हणाली, "माझी तीन पोरं उपाशी मारलीस तू. तुझा माणूस परत आला का त्यानं?"

"नाय," मालन म्हणाली. "तुज्या माणसानच सही केल्यान होती. तेका इचार, कित्याक केल्यान."

वनमालानं कळशी उचलली आणि चालू लागली. काशीराम पुढे बायकोमुलांना घेऊन गावी गेला. जाण्याआधी माझ्याकडे येऊन त्यानं ते सगळं सांगितलं, मालनकडे जायची हिंमत त्याला झाली नाही. मी मालनला विचारलं, वाईट नाही वाटत? इतक्या माणसांचं? ती म्हणाली, "वाटता. पण परत तसाच करीन."

खटला सुरू व्हायच्या आधी हळबेची बायको रत्नप्रभा मालनकडे आली. मी त्या दिवशी तिथे होते. बाई शेलाटी, चांगल्या घरची, पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. खोलीत एकच पाट होता, तो मालननं तिला दिला.

"मालनबाई, तुम्ही कोर्टात एवढंच म्हणा, की वही तुमची नाही. कुणीतरी लिहून दिली. मी तुमच्या पाया पडते. चार वर्षं आम्ही तुम्हाला पोसलं ना?"

"पोसलंत?" मालन म्हणाली. "मी दस्ते घासले. हे बघा हात."

"त्यांना हृदयाचं दुखणं आहे. तुरुंगात टिकायचे नाहीत."

"लवू अंगणात टिकला नाही."

रत्नप्रभा रडायला लागली. मला राहवेना, मी पाणी दिलं. मालन उठून स्टोव्ह पेटवायला लागली, जणू खोलीत कुणीच नाही. थोड्या वेळानं रत्नप्रभा गेली. मी म्हटलं, "त्यांचा काय दोष हो यात?" मालन म्हणाली, "माजो पण नव्हतो."

कोर्टात हळबेच्या वकिलानं तिला तासभर उभं केलं. शेवटी म्हणाला, "तुझा नवरा मेला म्हणून तुझ्या मनात राग आहे. तू हे सगळं सूड घ्यायला केलंस, खरं की नाही?"

बाळनं तिला चार वेळा पढवलं होतं, की असं विचारलं तर नाही म्हण.

"खरं," मालन म्हणाली. "सूड घ्यायलाच केलं. पण नंबर मी ठोकले नाहीत."

हळबेला दोन वर्षं झाली. अपिलात सहा महिने कमी झाले. कारखान्याचा परवाना कायमचा रद्द. कोर्टातून बाहेर पडताना मी तिचा हात धरला. मला वाटलं होतं ती आता तरी मोकळी होईल. पायरीवर बसून ती म्हणाली, "नंबरासाठी तुरुंगात गेलो तो, बाई. लवूसाठी नाय गेलो."

ते खरं होतं. लवूच्या मृत्यूचा विषय मॅजिस्ट्रेटनी बोलूच दिला नाही. तो प्रश्न या कोर्टापुढे नाही म्हणाले. फुटलेली नळी केव्हाच भंगारात गेली होती. बाळच्या वकिलांनी दोन अर्ज करून पाहिले, काही झालं नाही. सरकारी फायलीत लवू घाडी नशेतच मेलेला राहिला.

मालनला अंधेरीला रेडिओची लाकडी कपाटं करणाऱ्या कारखान्यात पॉलिशचं काम मिळालं. तिथे ती पगाराच्या कागदावर सही करायची. ठळक, मोठी, रकान्याबाहेर जाणारी. वर्गाला येणं तिनं सोडलं, पण महिन्यातून एकदा माझ्याकडे घाटकोपरला यायची. कधी सुलक्षणा नावाच्या तिच्या नव्या मैत्रिणीबद्दल सांगायची, कधी मालकाच्या कंजूषपणाबद्दल. हळबेचं नाव काढायची नाही. मला वाटलं, विसरली.

१९५९ च्या फेब्रुवारीत ती म्हणाली, "तो सुटलो. मुलुंडाक आसा, मेव्हण्याकडे. रविवारी माज्या वांगडा येशात?"

मी गेले. का गेले, नीटसं सांगता येणार नाही. बहुतेक ती एकटी गेली तर काय होईल याची भीती वाटली.

हळबे ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता. केस गेले होते, गळ्याची कातडी लोंबत होती. आम्हाला पाहून तो उठला नाही. "आता काय पाहिजे तुला?" म्हणाला.

मालननं पिशवीतून कोरे कागद, टाक आणि दौत काढली. "लिहून द्या. लवू कसा मेला ते."

"त्यानं काय होणार आहे? तो कागद कुणी विचारणार नाही."

"मी विचारते."

आतून रत्नप्रभा दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. हळबेनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली की नुसती खाली घातली, कळलं नाही. त्यानं गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहिलं. मालननं वाचलं आणि परत दिला. "नुसतं दारूनं लिहिलंत. बंदुकीच्या दारूनं, असं लिहा."

त्यानं दुसऱ्या कागदावर लिहिलं. तिनं वाचलं. "नळी कशाची होती?"

"भंगाराच्या पाइपाची."

"लिहा. आणि हातानं मार म्हणून कोणी सांगितलं?"

तिसरा कागद झाला. त्यात सगळं होतं. तिनं प्रत्येक शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचलं, खाली त्याची सही घेतली, माझी साक्षीदार म्हणून घेतली, आणि पहिले दोन कागद फाडून त्याच्या पायाशी टाकले.

"झालं ना आता?" हळबे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं सगळं गेलं, मालन. आता तरी मला माफ केलंस म्हण."

"नाही," मालन म्हणाली.

तेवढंच म्हणून पायऱ्या उतरली. मी तिच्या मागोमाग.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं, क्षमेबद्दल, मनाच्या शांतीबद्दल, शाळेतल्या बाया बोलतात तसलं. तिच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. फलाटावरच्या बाकड्यावर बसल्यावर तीच म्हणाली, "बाई, हल्ली लाखेचं पॉलिश नीट बसणा नाय. पांढरा पडता. मालक म्हणता माजो हात बिघडलो. उद्या तेका दाखवतलंय, स्पिरिटच भेसळीचा आसा ता."

आणि ते कसं ओळखायचं, हे ती मला गाडी येईपर्यंत समजावून सांगत राहिली.